हिरडटोला घाट : निरंक

१. हितसंबंध

फॉर्ममधला प्रश्न असा होता : ‘या धोरणाचा परिणाम संशोधकाच्या कुटुंबातील कोणावर होणार असल्यास तपशील द्यावा.’ खाली दोन ओळींची जागा.

हेमांगी दिघोरेने पेनाचं टोपण दातात धरलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि लिहिलं : निरंक.

सरकारी कागदाशी ज्याचा एकदा तरी संबंध आला, त्याला हा शब्द ठाऊक असतो. तक्रारी किती? निरंक. साथीचे रुग्ण किती? निरंक. शून्य लिहिलं तर कोणीतरी त्याच्याआधी एक ठेवून दहा करील, आणि रकाना मोकळा सोडला तर वरचा साहेब कागद परत धाडील. या दोन्ही भीतींतून कधीतरी कुठल्यातरी कारकुनाने हा शब्द शोधला असावा. लिहिला की कुणी पुढे विचारत नाही.

खरं उत्तर दोन ओळींत सहज मावलं असतं. लोकधोरणाच्या एम.ए.साठी हेमांगीचा विषय होता जलाशयावरची होडीसेवा : अकरा घाटांपैकी कुठले ठेवावेत, कुठले बंद करावेत. आणि त्या अकरांतल्या हिरडटोला घाटावर सात वर्षं जिल्हा परिषदेची होडी चालवणारे सुखदेव दिघोरे हे तिचे वडील होते.

पण तसं लिहिलं असतं तर विषय बदलावा लागला असता, आणि शेवटचं सत्र संपायला तीन महिने उरले होते. शिवाय तिच्या मनात एक ताठा होता. ‘बापाचा घाट म्हणून वाचवला’ असं उद्या कुणी म्हणायला नको. आकडे बोलतील ते खरं.

“लिहिलंस?” इशरतने विचारलं. इशरत तिची खोलीतली जोडीदार, अकोल्याची, वर्गात संख्याशास्त्रात सगळ्यांत पुढे. तिने फॉर्मवरून नजर फिरवली आणि भुवया उंचावल्या. “तुझे बाबा होडी चालवतात हे मला माहीत, मेसच्या काकूंना माहीत. एका फॉर्मलाच माहीत नाही.”

“फॉर्मला काय करायचंय?”

“काहीच नाही. बिचारा लिहिलं त्यावर विश्वास ठेवतो.”

२. पद्धती

(संस्थेच्या नमुन्यात या भागाला शंभर शब्द दिलेले आहेत. शंभरात मावत नाही.)

नागपुरातल्या त्या संस्थेत तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या भिंतीला लागून एक थंडगार खोली होती. तिथे प्रतिजिल्हा असे.

प्रतिजिल्हा म्हणजे तेरा लाख पडछाया माणसं. त्यांतलं कुणीही खरं नव्हतं. पण कुठलाही टोला, म्हणजे वस्ती, घ्या, तिथले म्हातारे मोजा, पोटुशा बाया मोजा, सायकली मोजा. बेरीज खऱ्या टोल्याशी जुळणार. जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाची, शाळेची, दवाखान्याची वही महिनाअखेर या यंत्राला दाखवली जाई. हस्ताक्षर कसंही असो, ते वाची आणि आपली माणसं त्याप्रमाणे नीट करून घेई. पडछाया माणूस सकाळी उठे, त्याला काहीतरी हवं असे, आणि अंतर, वेळ, सवय पाहून तो आपला रस्ता निवडे. तुम्ही एखादा दवाखाना हलवा, बस बंद करा, पुढची वीस वर्षं काय होईल ते चाळीस मिनिटांत समोर येई. त्यावर तपासल्याशिवाय कुठलीही शिफारस जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जात नसे. हे दोन हजार एक्केचाळीस सालापासूनचं.

यंत्राचा एक नियम विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात घोकायला लावत. वहीतला रिकामा रकाना म्हणजे ‘ठाऊक नाही’. तिथे यंत्र मागचीपुढची पानं बघून अंदाजाने आकडा भरतं. पण रकान्यात माणसाने काही लिहिलं असेल तर ते खरं धरतं. ‘निरंक’ असेल तर शून्य.

“माणसाने लिहिलेल्या गोष्टीवर अविश्वास दाखवायचा अधिकार यंत्राला देऊ नका,” असं डॉ. नलिनी वझलवार शिकवत. त्या हेमांगीच्या मार्गदर्शक. वर्गात त्यांची जरब अशी, की मागच्या बाकावरचा माणूससुद्धा मांडी घालून बसायचा नाही. “एकदा तो दिला, की मग लिहायचंच कशाला?”

३. पर्याय

यंत्राने पहिल्याच फेरीत उत्तर दिलं. अकरांपैकी एक घाट बंद करावा, आणि तो हिरडटोला.

कारणं सरळ होती. प्रवासी थोडे. चौतीस किलोमीटरवर पूल आहे. दर गुरुवारी दवाखान्याची फिरती गाडी येते. होडीच्या नोंदवहीत ‘तातडीचे आजारी प्रवासी’ असा रकाना आहे, आणि त्यात सात वर्षांत एकही माणूस नाही. काही दिवस ‘निरंक’, बाकीचे रकाने रिकामे. रिकामे रकाने यंत्राने शेजारच्या ‘निरंक’वरून भरून घेतले होते. शून्य, शून्य, शून्य. घाट बंद केल्यास वीस वर्षांत वाढणारे मृत्यू : शून्य.

हेमांगी खुर्चीत मागे टेकून बसली. बाबांचाच घाट. पण, लपवायचं कशाला, तिला थोडा अभिमान वाटला. बघा, मी बापालाही सोडलं नाही.

मॅडम खूश झाल्या. “स्वच्छ काम आहे. आता बाधितांच्या बारा मुलाखती घेऊन ये, म्हणजे मौखिकला नेऊ. जिल्हाधिकारी कार्यालयातून धुर्वे साहेब येणार आहेत. त्यांना पटलं तर फाइल त्याच आठवड्यात हलेल.”

“बाधितांमध्ये... होडी चालवणारा पण?”

“तो तर पहिला.”

४. बाधितांच्या मुलाखती : क्रमांक एक

सुखदेव दिघोरे होडीच्या काठावर बसून बॅटरीच्या तारा पुसत होते. होडीला छतावर सौरपाट्या होत्या, पण हिरडटोल्यात तिला अजून जुन्या लाकडी होडीसारखं डोंगाच म्हणत. मध्यंतरी बिनमाणसाची होडी आणून पाहिली होती. ती तिसऱ्या दिवशी पाण्याखालच्या मोहाच्या खुंटावर चढून बसली. धरणात बुडालेलं जंगल कुठे कुठे उभं आहे, हे नकाशाला माहीत नव्हतं. सुखदेवला माहीत होतं.

“बस ना वो बाई. उभ्यानं काऊन बोलून रायली?”

“बाबा, हे जरा सरकारी आहे. मी विचारते, तुम्ही सांगा. मधे दुसरं काही बोलायचं नाही.”

“हाव. विचार.”

*प्रश्न एक. आपले संपूर्ण नाव.*

“आता तुले माझं नाव पन माहीत नाही?”

“बाबा.”

“सुखदेव डोमाजी दिघोरे. लिव.”

*प्रश्न चार. सेवा बंद झाल्यास आपणांस कोणती अडचण येईल?*

सुखदेवने तारा खाली ठेवल्या. पाण्याकडे बघितलं, मग लेकीकडे. “बंद होऊन रायली का?”

हेमांगीला वाटलं होतं ते चिडतील. त्यासाठी तिने तयारीही केली होती, अगदी आकड्यांसकट. ते चिडले नाहीत.

“यंत्र तसं म्हणतं,” ती म्हणाली. “लोक कमी आहेत ना इकडे.”

“कमी हायेत, हे खरं हाये. मले का, मले धाडतीन दुसऱ्या घाटावर. मी जाईन.” ते थांबले. “पन मंग थ्या बाया कायनं जातीन?”

“कोणत्या बाया?”

“पोटुशा. अन् साप चावलेले. अन् तो पुंडलिक, छातीत दुखते म्हनून पहाटेच हाका मारत आल्ता. पल्याडच्या कोसंबीच्या दवाखान्यात पंधरा मिनिटात पोचवलं त्याले. पुलावरून नेला असता तं वाटेतच...” त्यांनी हात हवेत उडवला.

हेमांगीचं पेन थांबलं. “बाबा, तुमच्या वहीत तर एकही आजारी नाही.”

“कसा नाही? सप्पा, सारेच्या सारे हायेत. मी रोज लिवतो.”

ते उठले, छताखालच्या डब्यातून वही काढून आणली. कोपरे पाण्याने फुगलेले, पण अक्षर मोत्यासारखं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, ज्याला आपल्या अक्षराचा मान आहे. त्यांनी बोट ठेवलं. “हे पाह्य. पुंडलिक. चौदा तारीख.”

बोटाखाली लिहिलं होतं : निरंक.

“हे... निरंक आहे, बाबा.”

“हाव ना. निरंक. पोचला बेस.”

“निरंक म्हणजे काय?”

सुखदेव हसले. एवढं शिकून पोरीला हे येत नाही, याची गंमत त्यांच्या डोळ्यांत होती. “अवो, कलंक नाही म्हनजे निरंक. काही वाईट झालं नाही. मी लागलो तवा हापिसातल्या काटेखाये बाबूंनी सांगितलं मले. मनले, सुखदेव, काही गडबड झाली नसन तं निरंक लिवत जाय, वर तरास होत नाही. मंग मी आजारी मानूस नेला, त्याले पल्याड सुखरूप उतरवला, तं काय लिवतो? निरंक.”

“आणि ज्या दिवशी कोणीच आजारी नसतं?”

“त्या दिवशी कायचं लिवाचं? रिकामाच ठेवतो.”

पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाळी दिली. सुखदेव उठून उभे राहिले. हेमांगी बसून राहिली. तिच्या कागदावर चार नंबरच्या प्रश्नापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने कागद मिटला आणि वही ओढून घेतली. 

“बाबा, ही वही मला द्या. सगळ्या द्या. सातही वर्षांच्या.”

“ने. आनून दे मंग. भिजवू नको.”

५. मर्यादा

दोनशे बारा.

सात वर्षांत दोनशे बारा निरंक.

इशरत आणि ती दोघी सकाळपासून खाटेवर वह्या पसरून बसल्या होत्या. एका हाताला होडीची नोंद, दुसऱ्या हाताला कोसंबीच्या आरोग्य केंद्राची. तिथे पेशंटचं गाव लिहितात, तारीख लिहितात. तो कसा आला हे विचारणारा रकानाच तिथे नव्हता.

“म्हणजे बघ,” इशरत म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. दुसऱ्याच्या आकड्यांतली चूक सापडली की तिला भूक लागत नसे. “पेशंट हिरडटोल्याचा, कोसंबीत पोचला, जगला. होडीत तर कुणी आजारी नव्हतं, असं वही म्हणते. मग यंत्राने त्याला कुठून आणला?”

“पुलावरून.”

“चौतीस किलोमीटर फिरवून! आणि सगळे जगले म्हणून यंत्र शिकलं काय, की हा रस्ता झकास आहे. होडीचं श्रेय रस्त्याला गेलं, हेमा. त्या भरवशावर आपण होडी बंद करायला निघालो.”

एकशे सत्त्याण्णव निरंक दवाखान्याच्या तारखेशी त्याच दिवशी जुळले. आणखी चौदा जणांना खासगी डॉक्टरांकडे नेलं होतं. हेमांगीने हिरडटोल्यात फोन लावून एकेकाची खात्री केली. एक तारीख कशालाच जुळेना. दोन वर्षांपूर्वीची, नऊ जुलै.

तिने बाबांना फोन केला.

“नऊ जुलैले?” बाबांनी आठवून पाहिलं. “त्या दिवशी तू गेल्ती ना नागपूरले. पेटी घेऊन.”

“पण मी कुठे आजारी होते?”

“रडून रायली होती ना पुऱ्या रस्त्यानं. मनलं, आजारीच हाये. उतरली बेस, मंग लिवलं.”

हेमांगीने फोन ठेवला. मग तिने त्या ओळीपुढे पेन्सिलने खूण केली : ही नोंद वगळावी. दोनशे अकरा.

६. हितसंबंध (दुरुस्ती)

खरी अडचण पुढे होती. हे सगळं मॅडमला सांगायचं, तर ‘हा दिघोरे तुझा कोण?’ इथपासून सुरुवात होणार. तिचा स्वतःचा निरंक मधे आडवा पडला होता. आणि तो बाबांच्या निरंकसारखा भाबडा नव्हता. तिला अर्थ पक्का ठाऊक होता.

गप्प बसता आलं असतं. फाइल स्वच्छ होती, पदवी हातात येत होती. फक्त पुढच्या पावसाळ्यात कुणी पुंडलिक काठावर उभा राहून हाका मारत राहिला असता.

तिने मॅडमच्या टेबलावर दोन वह्या आणि एक कागद ठेवला. कागदावर दोनच ओळी होत्या : ‘हिरडटोला घाटाचे होडीचालक श्री. सुखदेव दिघोरे हे माझे वडील आहेत. मी ही माहिती जाणूनबुजून दिली नव्हती.’

वझलवार मॅडमनी चष्मा काढला. “कधीपासून ठाऊक होतं?”

“जन्मापासून, मॅडम.”

हसावं की ओरडावं, हे मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी ओरडायचं ठरवलं. पाऊण तास त्या बोलत होत्या. संशोधकाची सचोटी, संस्थेचं नाव, धुर्वे साहेबांपुढे आता कुठल्या तोंडाने उभं राहायचं. बाहेरच्या शिपायाने दार हळूच लोटून घेतलं. हेमांगी मान खाली घालून ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की गेले दोन महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून बाजूला ठेवतंय.

“आणि हे?” मॅडमनी शेवटी वहीकडे बोट केलं.

हेमांगीने निरंकचा अर्थ सांगितला. काटेखाये बाबू सांगितले. कलंक नाही तो निरंक, हेही सांगितलं.

मॅडम थांबल्या. वही ओढून घेतली, पानं उलटली. एका पानावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

“इतकी वर्षं मी शिकवतेय,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “माणसाने लिहिलंय ते खरं धरा. खरंच होतं की. आपल्याला वाचता आलं नाही.” मग चष्मा चढवून उठल्या. “चल खाली. चाळीस मिनिटं आहेत माझ्याकडे.”

७. परिणाम

बदल एका शब्दाचा. हिरडटोला घाटाच्या वहीत जिथे निरंक, तिथे एक. जिथे रिकामं, तिथे शून्य.

यंत्र चालू झालं. मॅडम खुर्चीत, हेमांगी उभी. पडद्यावर वर्षं सरकू लागली. पडछाया बाया पोटुशा राहिल्या, पडछाया सापांनी डंख केले. घाट बंद असलेल्या त्या जिल्ह्यात लोक पुलाकडे निघाले. या वेळी यंत्राला त्या लांब रस्त्याची खरी किंमत दिसत होती.

वीस वर्षांत वाढणारे मृत्यू : त्रेचाळीस.

ते त्रेचाळीस कोण, हे यंत्राला सांगता येत नव्हतं. त्यांतले बरेच अजून जन्मलेही नसतील. हेमांगी तिथेच फरशीवर बसली. त्रेचाळीस माणसं, आणि त्यांतलं एकही अजून गेलेलं नव्हतं.

“उठ,” मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता. “फरशी थंड आहे.”

८. मौखिक परीक्षा

धुर्वे साहेब शांत, सावळे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी टिपण पहिल्या पानापासून वाचलं. दुरुस्तीचा कागद दोनदा वाचला.

“वडिलांचा घाट तुम्ही आधी बंद करायला निघालात आणि आता वाचवताय. लोक काय म्हणतील?”

“वाचवला असंच म्हणतील, सर. म्हणून सगळ्या तारखा जोडल्यात. माझा शब्द धरू नका. कोसंबीची वही धरा.”

“हं.” त्यांनी पान उलटलं. “मग आता मला असं सांगा. आमच्या जिल्ह्यात असे आणखी किती निरंक असतील?”

 मॅडम हेमांगीकडे बघत होत्या.

“माहीत नाही, सर. शेवटच्या पानावर त्यासाठी रकाना ठेवलाय. तो रिकामा आहे. कृपा करून निरंक लिहू नका. यंत्रालाही भरू देऊ नका. माणसं पाठवून विचारायला लागेल.”

धुर्वे साहेबांनी शेवटचं पान काढलं. चौकट होती, आत काही नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, थोडा विचार केला, आणि टोपण परत लावून टाकलं.

“काटेखाये आमच्याच कार्यालयात होते,” ते म्हणाले. “वहीचं प्रशिक्षण अकराही घाटांना त्यांनीच दिलं होतं. सोमवारपासून सुरुवात करू.”

९. शिफारस

हिरडटोला घाट चालू ठेवावा. नोंदवहीत ‘आजारी प्रवासी किती’ यापुढे आकडाच लिहावा. त्याच्या शेजारी एक नवा रकाना काढावा : ‘पोचले कसे.’

परिशिष्ट

माहिती लपवल्याबद्दल हेमांगीची एक श्रेणी कापली गेली. पहिला क्रमांक इशरतला मिळाला. “तुझ्या सचोटीमुळे मिळाला,” ती म्हणाली, “असंच चालू ठेव, पुढेमागे मला पीएच.डी.ही मिळेल.” दोघी संस्थेच्या पायऱ्यांवर बसून संत्री खात होत्या. ऊन कोवळं होतं. हेमांगीच्या अंगातून इतक्या दिवसांचा ताण असा उतरत होता, की एक फाक सोलायलाही तिला वेळ लागत होता.

तिने फोन लावला. बराच वेळ वाजला. बाबा बहुधा मधल्या पाण्यात होते. मग उचलला गेला.

“काय झालं वो? पास का?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. श्रेणी, धुर्वे साहेब, नवा रकाना, सोमवार. दोन ओळींत मावलं नसतं.

“निरंक, बाबा,” ती म्हणाली.

पलीकडे पाणी होडीला थापटत असल्याचा आवाज आला.

“सप्पा निरंक?”

“सप्पा.”

“बेस,” बाबा म्हणाले. “ठेव मंग. पल्याडून कोनीतरी हाका मारून रायलं.”